माझ्या नावावरच्या शिंका

मी सात नंबर बोलतोय. मिठाच्या पाण्याचा सात नंबर. नाव विचारू नका, पिंजऱ्याला अडकवलेल्या पाटीवर नावाला जागाच नाही. नंबर, वजन, जन्मतारीख आणि गट, एवढंच तिथे मावतं. मी एक गिनीपिग. 'आमचा गिनीपिग केला' असं तुम्ही माणसं एकमेकांना चिडून म्हणता ना, तो मूळचा मी. मला मात्र तसं कुणाला म्हणायची सोय नाही.

थकलोय, हे आधीच सांगून टाकतो. वय म्हणाल तर जेमतेम आठ महिने. पण आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटं डब्यात बसायचं आणि न आलेल्या शिंकांबद्दल बोलणी खायची, याने जीव विटलाय. उद्या सकाळी हे सगळं संपणार आहे. म्हणून आजच बोलून घेतो.

माझा जन्म याच इमारतीतला, खालच्या मजल्यावरचा. आमच्यात पिल्लू उघड्या डोळ्यांनी आणि अंगभर केसांनिशी जन्मतं आणि त्याच दिवशी चालायला लागतं. माणसाच्या पोराला एवढ्यासाठी वर्ष लागतं आणि तरी त्याचं घरभर कौतुक होतं. आमचं कुणी केलं नाही. तीन आठवडे आईपाशी होतो. मग एक दिवस झाकण उघडलं, एक हात आत आला आणि मला उचलून वरच्या खोलीत घेऊन गेला.

तो हात मावशीचा. मावशी म्हणजे प्राणीघराचं सगळं बघणारी बाई. पिंजरे धुणं, दाणा-गवत, पाण्याच्या बाटल्या, वजनं, सगळं तिच्याकडे. तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा तिला मावशीच म्हणायचे. दारातून येतानाच तिचं सुरू व्हायचं, "आले रे बाबांनो, आले. घर डोक्यावर घेऊ नका." कारण तिच्या हातातल्या पिशवीचा चुरचुर आवाज आला की आम्ही चोवीसच्या चोवीस जण शिट्ट्या मारायला लागायचो. पिशवीत कोवळं गवत असायचं आणि आम्ही त्या बाबतीत अगदी निर्लज्ज.

या खोलीत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. काही माणसांना धुळीने, परागांनी, कशाकशाने शिंकांवर शिंका येतात, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. ते का होतं आणि त्यावर काय द्यायचं, हे शोधायला आधी तसंच नाक आमच्यात तयार करावं लागतं. अंड्याच्या पांढऱ्यातला एक पदार्थ सुईने टोचून शरीराला त्याच्याशी वैर शिकवायचं. वैर पक्कं झालं की त्याच पदार्थाचा थेंब आठवड्यातून दोनदा नाकात टाकायचा आणि शिंका मोजायच्या. आठ जणांना नुसता थेंब. आठ जणांना थेंब आणि नवीन औषध. उरलेल्या आठ जणांना काहीच नाही, त्यांच्या नाकात साधं मिठाचं पाणी. तुलनेला कुणीतरी धडधाकट लागतो म्हणून ते आठ.

कुणी कुठल्या गटात जायचं याच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. ज्या बाई हा प्रयोग करतात, त्या मॅडम, वाडग्यात चिठ्ठ्या घालून मावशीपुढे धरून उभ्या होत्या. मावशीने माझी चिठ्ठी काढली, वाचली आणि मला म्हणाली, "तुझं बरंय बाबा. मिठाचं पाणी. तू म्हणजे जावई. बसायचं आणि खायचं." त्या दिवसापासून आम्ही आठ जण तिचे जावई झालो. मला ती सात्या म्हणायची. पाटीवर नसेल, पण एवढं नाव मला होतं.

माझ्याबद्दल मावशीचं मत होतं की मी नाकासमोर चालणारा. खरं तर मी भित्रा आहे. आम्ही सगळेच. अनोळखी माणूस खोलीत आला की आम्ही जागच्या जागी दगड होतो. हलत नाही, खात नाही, शिंकतसुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात मॅडम स्वतः मोजायला बसल्या होत्या. अंड्याचा थेंब घेतलेले, नाक लाल झालेले आमचे भाऊबंदसुद्धा त्यांच्यापुढे श्वास रोखून बसले. कॅमेरा लावला, तर त्याच्या दिव्याला बिचकले. मॅडमच्या नाकी नऊ आले.

शेवटी मावशीनेच तोड काढली. ती म्हणाली, "मी एकटी असले की मेले भरभरून शिंकतात. तुम्ही ते आवाजाचं यंत्र माझ्याकडे द्या आणि वर जा." तेव्हापासून तशी पद्धतच पडली. मावशी एकेकाचं वजन करायची, थेंब टाकायची, छातीशी धरून जरा शांत करायची, मग डब्यात ठेवून वर हिरवं फडकं घालायची. डब्याच्या झाकणावर रेकॉर्डर. त्याचं बटण दाबून ती शेजारच्या स्टुलावर दहा मिनिटं गप्प बसायची. दुपारी मॅडम वर हेडफोन लावून ऐकायच्या. अंगठ्याने दाबायचं मोजयंत्र हातात. एक शिंक, एक खटका.

पद्धत उत्तम होती. एवढंच की त्या खोलीत आमच्याशिवाय आणखी एक नाक होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते मला सगळ्यांत आधी कळलं. शहाणपणाने नाही, छातीशी धरल्यामुळे. मावशी मला धरायची तेव्हा माझा कान तिच्या बरगड्यांवर यायचा. आत श्वास जाताना बारीक शिट्टी वाजायची. आधी वाटलं, तिलाही गवत हवंय. आमच्यात शिट्टीचा अर्थ तोच. पण तिच्या शिट्टीला खाणं नव्हतं. मला धरून झालं की तिच्या मनगटावर गांधी उठायच्या. डोळे पाणवायचे. मला डब्यात ठेवलं, फडकं घातलं, बटण दाबलं की तीन-चार मिनिटांत तिचं नाक सुरू व्हायचं.

मोठ्याने शिंकली तर मी बिचकेन आणि दहा मिनिटं वाया जातील. म्हणून ती नाक चिमटीत धरायची, तोंड कोपरात खुपसायची आणि शिंक आतल्या आत दाबायची. त्यातून जे बाहेर यायचं ते एवढंसं 'च्छिक्'. आता आमची शिंक कशी असते? एवढीशीच. 'च्छिक्'. मी फडक्याखाली बसून ऐकत राहायचो. बाईमाणूस आमच्या मापाचं शिंकतंय, हे मला बघवत नव्हतं. म्हणजे दिसत नव्हतंच, पण ऐकवतही नव्हतं.

तिला विकार आमचाच होता. आमच्या केसांचा, लाळेचा, मुताने ओल्या झालेल्या भुशाचा. ज्यांचं ती सगळं करत होती त्यांच्याशीच तिच्या शरीराने वैर धरलं होतं. त्यासाठी तिला कुणी सुई टोचली नव्हती. चौदा वर्षं पिंजरे धुतले, तेवढं पुरलं.

ती कुणाला सांगत नव्हती, कारण तिच्याआधी इथे एक मामा होते. त्यांना धाप लागायला लागली आणि त्यांनी ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना फाटकावर बसवलं. "वीस वर्षं सशांना नावाने हाका मारणारा माणूस," मावशी बाटल्या घासताना मला सांगायची, "आता येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. जाता-येता मी दिसले की विचारतो, तो कानतुटका ससा कसा आहे? मी सांगते, मजेत आहे. कानतुटका जाऊन तीन वर्षं झाली रे सात्या." मग ती नाक पुसायची. पदराने पुसलं तर डाग दिसतील म्हणून कागदाने पुसायची आणि कागद आमच्या भुशाच्या पोत्यात खाली दडपायची. कंबरेला गोळ्यांची पट्टी खोचलेली असायची. पुढे पुढे दोन गोळ्या एकदम घ्यायला लागली. जिना चढून आली की भिंतीला हात टेकून उभी राहायची आणि आम्हाला दरडावायची, "थांबा, ओरडू नका, आधी श्वास घेऊ द्या."

आणि वर हेडफोनमध्ये तिच्या शिंका माझ्या नावावर लागत होत्या. सात नंबर, मिठाचं पाणी, बारा. सात नंबर, मिठाचं पाणी, चौदा.

मी आयुष्यात शिंकलेलो नाही हो. एकदा भुसा नाकात गेला होता तेव्हाची सोडली तर.

मॅडम खाली यायला लागल्या. दमलेल्या, डोळ्यांखाली काळं, हातात कागद. "मावशी, मिठाच्या पाण्यावर शिंका येतातच कशा? एक-दोन आल्या तर समजू शकते. बारा?" मावशी म्हणाली, "भुसा धुळकट आला असेल." भुसा बदलला. मग गवताला बुरशीचा संशय आला. गवत बदललं. आठवडाभर आम्ही कसलं तरी वाळकं, बेचव गवत चघळत होतो. आकडे तसेच. एकदा मॅडम मावशीला बाहेर पाठवून स्वतः माझ्याशेजारी बसल्या. मी अर्थातच दगड झालो. शून्य आलं. त्यांनी उसासा टाकला. "मला घाबरून रोखून धरतोय," म्हणाल्या आणि तो कागद फाडून टाकला. एवढा एकच कागद खरा होता.

प्राण्यांचे डॉक्टर येऊन आमच्या नाकात डोकावून गेले. कशानेच उलगडा होईना. मग एका गुरुवारी मॅडम दारातच उभ्या राहून बोलल्या. मावशी मोरीपाशी बाटल्या घासत होती.

"मावशी, खोलीत सर्दीची साथ असावी असं ठरलंय. सोमवारी सगळी खोली रिकामी करायची."

"सगळी म्हणजे?"

"चोवीसही. शेजारच्या खोलीत पसरायच्या आत. खोली धुऊन घेऊ, नवीन चोवीस मागवू आणि पहिल्यापासून सुरू करू. दुसरा इलाज नाही."

मावशीच्या हातातली बाटली नळाखाली भरून वाहायला लागली. तिने नळ बंद केला नाही. मॅडम निघाल्या होत्या. दोन पावलं गेल्यासुद्धा.

"मॅडम, यांना सर्दी नाहीये."

"मावशी, आता तुम्ही नका सुरू करू. डॉक्टरांनाही कळत नाहीये."

"त्यांना कळणार नाही. यांच्या शिंका नाहीतच त्या." तिने नळ बंद केला. "माझ्या आहेत."

मॅडम मागे आल्या. त्यांना अर्थच लागला नव्हता. मावशीने हात पुसले, माझं झाकण काढलं आणि मला उचलून छातीशी धरलं, रोज धरते तसं. मग डब्यात ठेवलं, फडकं घातलं, स्टुलावर बसली. "तुमचं ते मोजायचं काढा," ती म्हणाली, "आणि याच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा."

मी फडक्याखाली होतो. मला फक्त आवाज येत होते. च्छिक्. मग बराच वेळ काही नाही. मग मोजयंत्राचा खटका, उशिरा पडलेला. च्छिक्, खटका. च्छिक्, खटका. अकरा शिंका झाल्या. शेवटच्या दोन शिंकांना मॅडमनी खटका दाबलाच नाही, त्या मी मोजल्या.

"किती दिवस?" मॅडमचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"दिवस कसले, वर्ष होईल."

"आणि बोलला नाहीत?"

"मामांचं बघितलं ना. मला फाटकावर बसायचं नव्हतं." मावशी जरा थांबली. श्वास घ्यायला. "आणि माझ्याशिवाय यांच्या अंगाला कुणी हात लावला की ही आखडून बसतात. तुमचंच काम अडलं असतं. म्हटलं, एवढा प्रयोग होऊ दे. मग बघू. माझ्या शिंका तुमच्या यंत्रात जातायत हे डोक्यातच आलं नाही हो. मागच्या आठवड्यात आलं. तेव्हापासून तोंड उघडायचं धाडस गोळा करतेय."

"मावशी, हे जीवावर बेततं. छातीत शिट्टी वाजते का?"

"सात्याला विचारा. त्याला माहीत आहे."

मॅडमही बसल्या असाव्यात, दुसरं स्टूल सरकल्याचा आवाज आला. "रोज दुपारी मी तुमच्याच शिंका ऐकत होते," त्या म्हणाल्या. "कान लावून. आणि कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं, मावशी ठणठणीत आहेत."

"ते जाऊ दे. सोमवारचं काय ते सांगा." मावशीचा आवाज पहिल्यांदाच कापला. "ही महिन्या-दोन महिन्यांनी जाणारच आहेत. मला ठाऊक आहे, मी काय आज आले का? चौदा वर्षं बघतेय. पण जायचं तर कामी येऊन जाऊ देत. माझ्या नाकापायी फुकट नकोत. आणि त्यांच्यामागे आणखी चोवीस तर नकोतच."

तिने मला वाचवलं, असं मी म्हणणार नाही. तसं तीही कधी म्हणाली नाही. जगणं काही तिच्या हातात नव्हतं, माझ्या तर नव्हतंच. तिच्या हातात एवढंच होतं की आमचं मरण वाया जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी तिने या खोलीतली स्वतःची जागा दिली. मला तेव्हा फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला खरोखर सर्दी असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी तिला माणसांच्या डॉक्टरांकडे नेलं. ती परत खोलीत आली नाही. येणारच नव्हती. तिला या मजल्यावर पाऊल टाकायचीच बंदी झाली.

मॅडमनी तिला फाटकावर मात्र बसू दिलं नाही. साहेबांच्या खोलीत जाऊन त्या जे काही बोलल्या ते आमच्यापर्यंत आलं नाही, पण बाहेर आल्या तेव्हा कान लाल झाले होते म्हणे. आता मावशी खाली, स्वच्छ खोलीत, नवीन येणाऱ्या मुलामुलींना शिकवते. प्राणी कसा उचलायचा, कसा धरायचा, थेंब कसा टाकायचा. कापडी गिनीपिग घेऊन. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारते, "शिंका येतात का? येत असतील तर आत्ता सांग, माझ्यासारखा शहाणपणा करू नकोस." मामांनाही तिने ओढून तिथे नेलंय म्हणतात. ते सशांचं शिकवतात.

आमच्या वाट्याला नवा माणूस आला. तोंडाला मास्क, अंगात झगा, हातात दुहेरी मोजे. उंच आहे, चांगला आहे, कमी बोलतो. पण दोन आठवडे आम्ही त्याच्यापुढे दगड होऊन बसलो. बिचारा रोज पिशवी चुरचुरवत उभा राहायचा आणि आम्ही भिंतीकडे तोंड करून. शेवटी मावशीने खालून निरोप पाठवला, "येताना बोलत ये. काहीही बोल." तो लाजत लाजत एका सकाळी दारातून म्हणाला, "आले रे बाबांनो, आले." 'आलो' म्हणायचं होतं बहुतेक, पण तिने सांगितलं तेच जसंच्या तसं म्हणाला. आम्ही शिट्ट्या मारल्या.

मग सगळं पुन्हा मोजलं. दोन महिने लागले. अंड्याच्या थेंबवाल्यांना सत्तावीस, तीस. औषधवाल्यांना आठ-नऊ. आणि मिठाच्या पाण्याला काही नाही. मॅडम माझ्या पिंजऱ्यापाशी उभ्या राहून कागद वाचत होत्या. "सात नंबर, शून्य," असं त्या मोठ्याने म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या शून्याचं झालं एवढं कौतुक मी दुसऱ्या कशाचंही झालेलं पाहिलं नाही.

उद्या सकाळी आमच्या नाकांचा आतून अभ्यास होणार. त्याला आम्ही लागत नाही, फक्त नाक लागतं. दुखणार नाही, असं नवा माणूस मान फिरवून म्हणाला. खरं असेल. मी रागावलेलो नाही. रागवायलाही ताकद लागते, ती उरलेली नाही.

एकच मागणं आहे. कधी तुमच्या नाकात औषधाचा फवारा मारून तुम्ही मोकळा श्वास घेतलात, तर आमची आठवण काढाच असं म्हणत नाही. पण तुमच्या शेजारी बसून काम करणारं कुणी कोपरात तोंड खुपसून शिंकत असेल, तर त्याला विचारा. आवाज लहान असतो. दुसऱ्याच्या नावावर जातो.

आज दुपारी दार उघडलं आणि उंच माणसाच्या मागे आणखी कुणीतरी आत आलं. मास्क, टोपी, झगा, मोजे, डोळ्यांना चष्मा. ओळखू येईना. मी दगड झालो. मागे मॅडम घड्याळ बघत उभ्या. "दोन मिनिटं, मावशी. डॉक्टरांनी तेवढीच दिलीत."

"जावईबापू," मास्कमधून आवाज आला, "सासूला ओळखलं नाही?"

तिने मला उचललं. मोज्यांमुळे हात वेगळा लागत होता, पण धरणं तेच. छातीशी घेतलं. माझा कान झग्यावर टेकला.  मी शिट्टी मारली नाही. मला ऐकायचं होतं.

श्वास आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. मी कान घट्ट दाबून धरला आणि मोजत राहिलो, मॅडम मोजतात तसं, एकही निसटू न देता, पूर्ण दोन मिनिटं.

शिट्टी एकदाही वाजली नाही.